एल्झीचे कडक बैल

"माझा चाबूक नुसता दिसला तरी बैल थरथरतात!" असं छातीठोकपणे सांगून एल्झी टॉलिव्हरनं बोलपटातलं काम पटकावलं. पश्चिमेकडे निघालेल्या जुन्या वसाहतकऱ्यांची गोष्ट, व्हायोमिंगचं मोकळं माळरान, साठ गाड्या, आणि सगळ्यांत पुढची एल्झीची! त्याच्या गावातली निम्मी माणसं गर्दीत उभी राहायला आली होती. त्याची बायको थर्झाही जुन्या धाटणीची बॉनेट टोपी बांधून ताक घुसळायला बसली होती. एकतीस वर्षं तिची समजूत होती, की नवरा म्हणजे निव्वळ दगड. घरात तो दोनच गोष्टी बोलायचा: "कॉफी" आणि "माझे बूट कुठायत?"

खरा प्रकार फक्त बार्नी आणि टोबी या बैलांना ठाऊक होता. चाबकाला ते काडीची किंमत देत नसत. एल्झी डाव्या अंगानं चालता चालता त्यांच्या कानाशी काही पुटपुटला, तरच त्यांचं पाऊल उचलायचं. मूकपटांच्या दिवसांत हे बिनबोभाट खपून गेलं होतं. आता मात्र चित्रपटाला कान आले होते!

"सगळे चिडीचूप!" दिग्दर्शक ब्रॅनिगन कर्ण्यातून ओरडला.

नायक गाडीवर उभा राहून गरजला, "आता मागं फिरणं नाही!"

एल्झीनं तोंड मिटून चाबूक कडाडवला. बैल ढिम्म! टोबीनं तर रवंथ सुरू केला. मागची गाडी येऊन एल्झीच्या गाडीवर धडकली, तिच्यावर तिच्या मागची, कुणाचं तरी खुराडं फुटलं आणि तीस कोंबड्या परत पूर्वेकडे निघाल्या.

"टॉलिव्हर! थरथरणारे बैल ते हेच का?" ब्रॅनिगन कडाडला. "पुन्हा हलले नाहीत, तर तुझी गाडी सगळ्यांत शेवटी!"

गावादेखत शेवटी? पुढच्या खेपेला एल्झी हळूच बैलांच्या कानाशी वाकला आणि पुटपुटला. बैल असे ऐटीत निघाले, की ब्रॅनिगननं टोपीच उडवली. "झकास! भरलेला आवाज ऐकवा रे सगळ्यांना!"

भोंग्यातून नायक गरजला, "आता मागं फिरणं नाही!" आणि पाठोपाठ एक घोगरा आवाज आला, "चल रे माझ्या सोन्या! दमलं का माझं लेकरू? घरी गेलो की गळा खाजवतो हं!"

नायक लालबुंद झाला. तो तडक घोगऱ्या आवाजाच्या खलनायकावर धावला. "मला सोन्या म्हणतोस?"

"तुझा गळा मी कशाला खाजवू? दाबीन एखाद वेळ!"

नायकानं त्याची दाढी धरली, ती हातातच आली. ब्रॅनिगन मधे पडला, तर त्याचा चष्मा गेला. अखेर आवाजवाला गाडीतून डोकं काढून म्हणाला, "साहेब, माइक पुढच्या गाडीवरल्या पिठाच्या पिंपात लपवलाय. त्याच्याशेजारी गाडीवान होता."

साठ गाड्यांची माणसं एल्झीकडे वळली. "बैलांना... तसंच लागतं," तो टोपी चुरगाळत म्हणाला. मग जो हशा पिकला! तेवढी थर्झाच हसली नाही.

संध्याकाळी एल्झीनं बैल घरच्या गाडीला जुंपले. थर्झा दगडावर बसून राहिली.

"चल की!"

"नाही."

"अगं, काय झालं?"

"एकतीस वर्षं नुसती कॉफी, एल्झी! मला कधी विचारलंस, दमलीस का म्हणून? मलाही तसंच लागतं!"

एल्झी कानापर्यंत तांबडा झाला. खरंच होतं तिचं. त्यानं गाडीखाली पाहिलं, गवतात पाहिलं, कुठे माइकची तार दिसते का ते तपासलं. मग तिच्याजवळ गुडघे टेकून मनापासून म्हणाला, "चल गं माझ्या सोन्या! दमलं का माझं लेकरू?"

थर्झा विरघळली. पण तेच शब्द ऐकून बैलही रिकामी गाडी घेऊन निघाले!

"अरे थांबा!" एल्झीनं आरोळी ठोकली. बैलांनी कानही हलवला नाही. सगळी छावणी जेवणाची ताटं हातात धरून बघत होती. एल्झी क्षणभर घुटमळला, मग धावत सुटला आणि अख्ख्या माळावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "थांब रे माझ्या राजा! माझ्या चिमण्या, थांब!"

मागून थर्झा ओरडली, "आता मला म्हणालास ते याहून मोठ्यानं म्हण!"