साठ कट्टु सोप्पु

कापलेल्या साबणाच्या कडेवर पहिल्या काही दिवसांत एक पांढरी भुकटी उमटते. ती इतकी पातळ असते की बोट फिरवलं तर नाहीशी व्हावी. वसुमती ती बोटानं पुसत नसे. रोज सकाळी भिंग घेऊन ती भुकटी पाही, एक वडी तराजूत ठेवी आणि वहीत आकडा लिही. एकेचाळिसाव्या दिवशी तिनं लिहिलं, ‘भुकटी वाढलेली नाही. वजन तीन दिवस स्थिर. वापरायला हरकत नाही.’

साबणाच्या बाबतीत असा निर्णय घेणं तिला सोपं जाई. पुण्याच्या बाबतीत मात्र जुलैपासून काहीच स्थिर होत नव्हतं. पुण्यात तिच्या जुन्या प्रयोगशाळेत जागा रिकामी झाली होती आणि तिथल्या प्रमुखांनी तिला आपणहून पत्र लिहिलं होतं. तिनं दोनदा मुदत मागून घेतली. आता नोव्हेंबर उजाडला होता आणि सोमवारी उत्तर पोस्टात पडायलाच हवं होतं.

“तू म्हणशील तसं,” तिचा नवरा बिंदुमाधव म्हणे. तो बँकेत होता, बदली मागितली असती तर मिळाली असती. त्याचं घराणं बेंगळूरला येऊन तीनशे वर्षं झाली होती आणि पुण्यात त्याला दोन दिवसांत दही आंबट लागू लागे. पण हे तो बोलत नसे.

“मला काय, देव बरोबर असले म्हणजे कुठंही सरी,” सासूबाई अंबुबाई म्हणत. हे खरं नव्हतं, आणि तिघांनाही ते ठाऊक होतं.

वसुमती लग्न होऊन हलसूरला आली त्याला नऊ वर्षं झाली होती. बोम्मसंद्र्याच्या एका रंगाच्या कारखान्यात ती नमुने तपासत असे. तिथं इंग्रजीवर भागे, घरी मराठी होतं. कानडी उरली ती गल्लीपुरती. ती शब्द जोडून बोले, समोरचा माणूस हसून मान हलवी, “सरी, सरी”, म्हणजे ठीक, ठीक, म्हणे आणि आपल्या वाटेनं जाई. दोन वाक्यांच्या पुढे कुणी थांबत नसे. या शहरानं आपल्याला सभ्यपणे दारातच उभं ठेवलंय, असं तिला वाटे. पुण्याच्या पत्राला खरा जोर होता तो याच भावनेचा.

साबणाचा नाद तिला तीन वर्षांपूर्वी लागला. आधी अंबुबाईंच्या भेगाळलेल्या टाचांसाठी, मग केसांसाठी एक वेगळी वडी, मग मोजमापाच्या आनंदासाठीच. गच्चीवर कुंड्यांतून कडुनिंब, माका, ब्राह्मी, मेथी आली. खोबरेल आणि एरंडेल यांचं प्रमाण तिनं सतरा वेळा बदललं. वास कुठलाही घालायचा नाही, हा तिचा नियम. पानांचा आणि खोबऱ्याचा जो येईल तो खरा वास.

समोरच्या जयलक्ष्मम्मांनी एकदा फाटकापाशी विचारलं होतं, गच्चीवर एवढं काय चालतं? वसुमतीनं कानडीत सांगितलं, मी घरी सोप्पु करते. साबणाला ती सोप्पु म्हणे. केमिकल नाही. हे शेवटचं बोलताना तिला लाज वाटली, कारण जगात केमिकल नसलेलं काहीच नसतं. पण एवढा खुलासा तिच्या कानडीत मावत नव्हता. कातडीला चांगलं, केसांना चांगलं, एवढं तिनं पुढं जोडलं. जयलक्ष्मम्मा फार प्रभावित झाल्या.

त्यांनी पलीकडच्या रस्त्यावर नवं घर बांधलं. गृहप्रवेशाच्या आठ दिवस आधी त्या फाटकाशी आल्या.

“वसुमती, निम्म सोप्पु अरवत्तु कट्टु सिगत्ता?”

तुमचं सोप्पु, साठ कट्टु, मिळेल का? वसुमतीनं मनात फळी मोजली. चौसष्ट वड्या तयार होत्या. कट्टु म्हणजे बांधणं, हे तिला माहीत होतं. म्हणजे बाईंना नुसत्या वड्या नकोत, बांधलेल्या पुड्या हव्यात. पाहुण्यांच्या तांबूलात घालायच्या असणार.

“सिगत्ते,” ती म्हणाली.

“केमिकल इल्ला?”

“इल्ला,” वसुमती म्हणाली आणि पुन्हा लाजली.

आठवडाभर ती रोज संध्याकाळी एकेक वडी केळीच्या सुकलेल्या सोपटात गुंडाळत होती आणि दोऱ्यानं बांधत होती. साठच्या साठ गाठी एका बाजूला. अंबुबाई पाहून म्हणाल्या, “वसू, तांबूलात साबण? नवीनच की गं फ्याशन. स्वल्प विचित्र वाटतं.” पण जयलक्ष्मम्मांचा मुलगा अमेरिकेत होता, त्यामुळं त्यांच्याकडे काहीही शक्य होतं.

रविवारी सकाळी सात वाजता वसुमती टोपली घेऊन नव्या घरी गेली. जयलक्ष्मम्मा पूजेला बसल्या होत्या. मान न वळवताच त्यांनी विचारलं, “सोप्पु बंता? अडिगेमनेगे कोडि.”

स्वयंपाकघरात द्या? वसुमतीला थोडं नवल वाटलं. पण नारळ-पानसुपारीही तिकडेच असेल, असं म्हणून ती मागच्या अंगणातल्या मांडवाखाली गेली. तिथं आचारी प्राणेश तीन चुलींमध्ये उभा होता. सोवळं नेसलेला, डोळे धुरानं लाल, नाक सर्दीनं चोंदलेलं. तिनं टोपली ठेवली, तो “हां” म्हणाला, ती घरी परतली.

प्राणेशचा यात काही दोष नव्हता. त्याला यजमानीणबाईंनी सांगितलं होतं की समोरच्या सायन्स शिकलेल्या बाईंकडून बिनकेमिकलचं सोप्पु येणार आहे. आणि सोप्पु म्हणजे कानडीत पालेभाजी. साठ कट्टु सोप्पु म्हणजे साठ जुड्या, नव्वद पानांच्या आमटीला अगदी बेताच्या. त्यानं एक पुडी सोडली. आत हिरवी, घट्ट, वास नसलेली वडी. निदान त्याच्या नाकाला तरी वास नव्हता. त्यानं हिंगाचे खडे पाहिले होते, चिंचेच्या दाबलेल्या विटा पाहिल्या होत्या. आता पालेभाजीही दाबून येऊ लागली, एवढाच त्याचा निष्कर्ष. माणूस अनुभवी असल्यामुळं सावध होता. साठ न घालता त्यानं सहाच वड्या डाळीत किसल्या.

नऊ वाजता अंबुबाई देवाला नमस्कार करायला म्हणून पुढं गेल्या आणि दहा मिनिटांत, वयाला न शोभणाऱ्या वेगानं, परत आल्या.

“वसू! तुझा साबण आमटीत घातलाय की गं त्यांनी!”

“कोणी?”

“आचाऱ्यानं! फेस बघ जा. पातेल्याबाहेर आलाय, चुलीवर सांडतोय. तो म्हणतो, डाळ नवीन आहे म्हणून.”

वसुमती धावली. मांडवाखालचं दृश्य तिनं प्रयोगशाळेतही पाहिलं नव्हतं. हातभर फेस पातेल्यावर डुलत होता आणि प्राणेश मोठ्या डावानं तो काढून बादलीत टाकत होता. जितकं ढवळावं तितका तो वाढत होता. चव बघण्याचा प्रश्नच नव्हता. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही, हा त्याच्या घराण्याचा नियम.

“हे देवाला दाखवू नका!” ती मराठीतच ओरडली. मग कानडी गोळा करून म्हणाली, “इदु सोप्पु!”

“हौदम्मा, सोप्पु,” प्राणेश शांतपणे म्हणाला. हो बाई, सोप्पु.

“अल्ला! सोप्पु! सोप्पु!” नव्हे, नव्हे, असं तिला म्हणायचं होतं.

“सोप्पे अम्मा. चेन्नागिदे.” सोप्पुच आहे बाई, छान आहे.

“तिन्नबारदु!” खायचं नाही! ती कळकळीनं स्वतःच्या हातावर हात चोळू लागली. “स्नान! स्नान!”

प्राणेशचा चेहरा पडला. “स्नान आगिदे अम्मा,” तो दुखावल्या आवाजात म्हणाला. “बेळग्गे नाल्कु गंटेगे.” पहाटे चारलाच झालीय अंघोळ. आणि आपल्या शुद्धतेचा विषय संपला, असं धरून त्यानं चिंचेचा कोळ पातेल्यात ओतला.

फेस क्षणात बसला. प्राणेशनं विजयी मुद्रेनं तिच्याकडे पाहिलं. वसुमतीला मात्र कळलं, आंबटानं साबण फुटला, आता तेल वर येणार. आलंच. पांढरट गुठळ्या तरंगू लागल्या. साबण फोडायची इतकी स्वच्छ कृती तिनं कधी पाहिली नव्हती, आणि एक क्षण तिला ती सुंदरच वाटली.

तोवर अंबुबाई पोचल्या. त्यांनी एकच शब्द उच्चारला, ओ लांबवून, प हलका ठेवून. “सोऽपु.”

प्राणेशच्या हातातला डाव खाली आला. “सोऽपु?”

“अंगाला लावायचा, हौदप्पा.”

प्राणेशनं टोपलीतल्या चोपन्न पुड्यांकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसला.

वसुमती जागच्या जागी उभी होती. ओकाराची लांबी आणि एक जोडाक्षर. तीन वर्षं ती या गल्लीत सगळ्यांना सांगत होती की मी भाजी करते, भाजीनं अंघोळ करा, भाजीनं केस मऊ होतात. आणि लोक मान हलवत होते.

बिंदुमाधव आला तेव्हा तिनं त्याला बाजूला घेतलं. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“म्हणजे... कानाला गोड वाटायचं,” तो म्हणाला.

“तीन वर्षं?”

“आम्हाला समजायचं की गं,” अंबुबाई मध्ये पडल्या.

“चूक दिसत होती आणि कुणी नोंदवली नाही!” वसुमतीचा आवाज चढला. एवढा मोठा आवाज घरच्यांनी तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. “मग पुढची सगळी निरीक्षणं चुकीचीच येणार ना? लोक माझ्याशी बोलत नाहीत, असं मी धरून चालले. त्यांना मी काय म्हणते तेच कळत नव्हतं!”

बिंदुमाधवनं यावर सुज्ञपणे स्कूटर सुरू केली आणि तो शिवाजीनगरच्या बाजारात साठ जुड्या आणायला गेला. पूजा आटोपून जयलक्ष्मम्मा मागं आल्या, त्यांना सगळं सांगण्यात आलं. वसुमती शिव्या खायला तयार उभी राहिली. जयलक्ष्मम्मांनी पातेल्यात डोकावून पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून त्या जमिनीवर बसल्या. आधी वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

“मूरु वरुष!” श्वास मिळाल्यावर त्या म्हणाल्या. तीन वर्षं मी नातलगांना सांगतेय, समोरची बाई गच्चीवर भाजी पिकवते, आणि एवढी शिकलेली असून जुडी काही कधी देत नाही!

साठ जुड्या पोत्यातून आल्या तेव्हा साडेदहा झाले होते. नऊ बायका चटईवर गोल बसल्या. वसुमतीनं कुणाला न विचारता मधे जागा करून घेतली आणि पानं खुडायला लागली. मग शिकवणी सुरू झाली.

“सोऽपु,” एक म्हणाली.

“सोपु.”

“इन्नू उद्द!” अजून लांब.

“सोऽऽपु.”

“अष्टु उद्द बेड, रैल्वे बंदंगे आगत्ते!” एवढंही नको, रेल्वे आल्यासारखं वाटतं. पुन्हा हशा. तिच्या बाकीच्या शब्दांनाही मग सगळ्या जणी हात घालू लागल्या. भाजीवाल्याला ती इतके दिवस काय म्हणत होती, हे कळल्यावर तिला स्वतःलाच हसू आवरेना. कुणी सभ्यपणे मान हलवत नव्हतं. एकीनं तर तिच्या हातावर चापट मारली, देठं जाड ठेवतेस म्हणून. वसुमतीनं चुकीच्या क्रियापदांनी भांडून दाखवलं की देठातच सत्त्व असतं. त्यावर चौघी एकदम भांडल्या.

दुसऱ्या डाळीला उकळी आली. प्राणेशनं वाया गेलेलं पातेलं घासून उलटं मांडलं होतं आणि ते इतकं लखलखत होतं की दोघीतिघी उठून त्यात आपलं कुंकू बघून आल्या. उरलेल्या चोपन्न वड्या तांबूलाच्या पिशव्यांत जातील, असं जयलक्ष्मम्मांनी जाहीर केलं. मात्र प्रत्येक पिशवी देताना तोंडानं सांगायचं, हे खायचं नाही.

मग शेवटची जुडी सोडताना त्या वसुमतीकडे वळल्या. पुढच्या महिन्यात मुलीचं डोहाळजेवण होतं. “मुंदिन तिंगळु इरतीरा?” त्यांनी विचारलं. पुढच्या महिन्यात असाल ना? आणि हलकेच पुढं म्हणाल्या, “पूनागे होगतीरा अंत केळिदे.” पुण्याला जाताय असं ऐकलं.

सगळ्यांचे हात थांबले. अंबुबाई भाजीत नसलेली काडी शोधू लागल्या. मांडवाच्या तोंडाशी बिंदुमाधव रिकामं पोतं घडी करत होता, त्याची घडीही अर्ध्यावर राहिली.

“इरतीनि,” वसुमती म्हणाली.

असेन. उच्चार बरोबर आला असावा, कारण कुणी सुधारला नाही. तरी आज तिला कुठलाच गैरसमज परवडणार नव्हता. ती मांडवाच्या तोंडाकडे वळली आणि मराठीत, प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणाली,

“अहो, पुण्याला मी उद्या नकार पाठवतेय. आपण इथंच राहणार आहोत.”