मापाचा खेळ

गजभिये काकांकडे खेळायला जायचं तर आधी त्यांच्यासमोर पेलाभर पाणी पिऊन दाखवावं लागे.

कॉलनीत नवीन कुटुंब आलं आणि त्यांचं लेकरू आमच्यामागून काकांच्या दारात येऊन उभं राहिलं, की काका त्याचं नाव विचारत नसत, बापाचं नाव विचारत नसत. माठातलं पाणी पितळी पेल्यात ओतून त्याच्या हातात देत, समोर उकिडवे बसत आणि चष्मा कपाळावर चढवून बघत राहत. एका दमात पेला रिकामा करणारं पोर असलं तर म्हणत, "सापशिडी." घोट घेऊन इकडेतिकडे बघत पुन्हा घोट घेणारं असलं तर, "लुडो. याले घाई नाही."

मी पिण्याआधी पेल्यात वाकून बघितलं होतं, पाण्यात काही पडलंय का म्हणून. काका म्हणाले, "हे पोट्टी बुद्धिबळ खेळन. पण लोकायले लय तरास देईन." दोन्ही गोष्टी खऱ्या झाल्या.

माझा धाकटा भाऊ दिलीप पाच वर्षांचा होता. त्याने अर्धं पाणी शर्टावर सांडलं, उरलेलं प्यायलाच नाही आणि पेला घरी न्यायचा म्हणून हटून बसला. काका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "याले टाइम लागन."

ही गोष्ट ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमाराची. माझे बाबा आणि गजभिये काका जवाहरनगरच्या फॅक्टरीत एकाच सेक्शनला होते, आणि आमची क्वार्टर त्यांच्या क्वार्टरला लागून. काका एकटे राहत. बायको, म्हातारी आई आणि तीन मुली करडीला. तिथे धानाची शेती होती, आईला गाव सोडवत नव्हतं, आणि आईला सोडून काकूंना निघता येत नव्हतं. काका महिन्यातून एकदा गावी जाऊन येत. रोवणीच्या दिवसांत आठ-दहा दिवसांची रजा टाकत. बाकी सगळे रविवार आमचे.

त्यांच्या घरात वस्तू फार नव्हत्या. एक लोखंडी खाट, एक स्टोव्ह, भिंतीवर बुद्धाची छोटी तसबीर. आणि एक लाकडी कपाट, ज्यात कपडे असायला हवे होते. कपडे खिळ्यांवर होते. कपाटात खेळ होते. लुडो, सापशिडी, सोंगट्यांचा कापडी पट, चायनीज चेकर, एक उंट हरवलेलं बुद्धिबळ. त्या उंटाच्या जागी एक मोठा बोल्ट उभा राहायचा आणि तिरका चालायचा.

काकांचं म्हणणं असं, की खेळ चपलीसारखा असतो, मापाचा पाहिजे. "ढिल्ला झाला तं पोरगं कंटाळते, कसला तं रडते. अन् मायबाप म्हणतात पोरगंच खराब आहे!"

त्या रविवार दुपारी मला अजून जशाच्या तशा दिसतात. फॅक्टरीचा भोंगा त्या दिवशी वाजत नसे, त्यामुळे वेळ कुठे जाऊन राहिलाय ते कळायला मार्गच नव्हता. उन्हाळ्यात काका खिडकीला वाळ्याची ताटी लावत. आम्ही पाळीपाळीने तिच्यावर पाणी मारायचो, आणि खोलीत ओला, गार, हिरवट अंधार भरून यायचा. चटईवर आम्ही सात-आठ जण. मध्ये पट. फासा वाटीत खुळखुळायचा, चटईवर पडायचा, आणि मग कुणीतरी सावकाश चालायला लागायचं.

सावकाश, कारण काकांकडे गोटी उचलून पाच घरं पलीकडे ठेवायला बंदी होती. "चालव तिले. उडवू नोको. ते माणूस आहे, बेडूक नाही." मग प्रत्येक घरात गोटी टेकवावी लागे. काका मधूनच विचारत, "कुठं पोचली?" आपण म्हणायचं, "सत्तावीसवर." "सत्तावीसवर काय दिसते?" काहीतरी सांगावंच लागे. पलीकडच्या ओळीतली मीना म्हणायची, तळं दिसते. कुणी म्हणायचं, शिंगाड्याची होडी दिसते. काका मान हलवायचे, जणू तेही तिथून गेलेले आहेत. असं करत शंभरापर्यंत पोचायला दोन-दोन तास लागत. मध्येच एखादं लहान पोर पटाच्या कडेला डोकं टेकून झोपून जायचं. त्याची पाळी आली की काका हळूच त्याच्या मुठीत फासा ठेवायचे आणि मूठ उघडायचे. पडेल ते दान त्याचं. अशीच झोपेत मीना एकदा जिंकली होती. उठल्यावर तिला कितीतरी वेळ ते खरं वाटलं नाही.

कुणाला साप चावला तर हसायचं नाही, हा दुसरा नियम. काका गोटीला सापाच्या पाठीवरून स्वतः खाली उतरवत आणि म्हणत, "चाल बेटा. खाली बी लोक राह्यतात."

एका रविवारी माझे बाबा गंमत म्हणून आमच्यात येऊन बसले. दिलीपने रडू नये म्हणून ते मुद्दाम हरायला लागले. सहा पडला की पाच म्हणायचे. काकांनी दोनदा बघून न बघितल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा वाटीवर हात ठेवला.

"लेकराले काहून फसवता जी?"

"अहो, लहान आहे. जिंकू द्या."

"मंग त्याले सांगा, बाबू, तू नाही जिंकला, मी हरलो. सांगा."

बाबा सेक्शनमध्ये काकांना वरिष्ठ होते. ते उठले, दारात चपला घालता घालता शेजारून बघणाऱ्या आईला म्हणाले, "बाप रे, इथे तर ड्युटीपेक्षा कडक आहे."

दिलीपचा प्रश्न मात्र खरा होता. हरला की तो पट उलथवायचा. गोट्या खाटेखाली, फासा मोरीत. एकदा तर त्याने लुडोचा पट दातांनी फाडला. आईने त्याचं काकांकडे जाणं बंद केलं. तो दर रविवारी आमच्या खिडकीच्या गजांना धरून उभा राहायचा, पलीकडचा फाशाचा आवाज ऐकत. रडायचासुद्धा नाही. ते बघवत नसे.

शेवटी काकाच आमच्या दारात आले. "वहिनी, पोराले माह्यासंग भंडाऱ्याले पाठवा. त्याच्या मापाचं काही भेटते का पाह्यतो." दिलीपवर नजर ठेवायला म्हणून माझीही पाठवणी झाली.

भंडाऱ्याच्या बाजारात खेळण्यांचं एक दुकान होतं. दुकानदार काकांना लांबून बघूनच उसासा टाकत असावा. काकांनी एकेक खोका उघडायला लावला. पुठ्ठा वाकवून बघितला, गोट्या खालीवर करून बघितल्या. एक फासा घेऊन काउंटरवर पंचवीस-तीस वेळा टाकला आणि म्हणाले, "याले तीनच आवडून राहिला जी. दुसरा दाखवा."

"गजभियेजी," दुकानदार म्हणाला, "खेळ घ्याले आले का पोरगी पाहाले आले?"

"पोरगी पाहाले गेलो असतो तं चहा तरी भेटला असता."

दुकानदाराने हात जोडले आणि चहा सांगितला. काकांनी तिथेच दुकानाच्या पायरीवर दिलीपला बसवून एक खेळ मांडला. दिलीप हरला. पट रस्त्यावर गेला. एका सायकलवाल्याने गोट्या गोळा करून दिल्या. दुसरा खेळ मांडला. तोही गेला. काका रागावले नाहीत. ते फक्त दिलीपच्या चेहऱ्याकडे बघत होते, मशीन कुठे अडतंय ते बघावं तसे. मग एकदम म्हणाले, "समजलं. याची एक गोटी मेली का याले वाटते सारं जग बुडलं. याले लय गोट्या पायजेत." आणि काही न घेताच आम्ही परतलो. दुकानदाराने सुटकेने की दुःखाने कोण जाणे, पण बराच वेळ आमच्याकडे बघितलं.

त्या आठवड्यात काकांनी एका फळीवर तापलेल्या सळईने रेघा ओढून वाघबकरीचा पट केला. चार वाघ म्हणजे चार बिब्बे. वीस बकऱ्या म्हणजे वीस चिंचोके. रविवारी दिलीपला चटईवर बसवून म्हणाले, "वाघ माह्ये. बकऱ्या साऱ्या तुह्या. वाघ बकऱ्या खाईन. त्याले भूक लागते. पण तू साऱ्यायनं मिळून त्याले कोंडाचं."

पहिली बकरी गेली. आई दारात उभी होती. दिलीपचा ओठ वाकडा झाला, हात पटाकडे गेला. मग त्याने आपल्या मुठीत बघितलं. मूठ चिंचोक्यांनी भरलेली होती. त्याने एक काढला, पटावर ठेवला आणि वाघाला म्हणाला, "आता ये."

तो त्या दिवशी हरलाच. पण पट जागेवर राहिला. आईने पदर तोंडाला लावला आणि घरी निघून गेली, आणि त्या संध्याकाळी काकांकडे आमच्या घरून वडाभात गेला.

पुढच्याच वर्षी, उन्हाळ्याच्या शेवटाला, एका रविवारी आम्ही गेलो तर काकांनी चटई धुऊन वाळवली होती. स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. "आज माही पोरगी येऊन राहिली," ते म्हणाले. "करुणा. मोठी."

आम्हाला आनंद झाला. खेळायला आणखी एक मुलगी! दिलीपने पंख्याखालची चांगली जागा तिच्यासाठी अडवून ठेवली. काकांनीही कपाटातून सगळ्यात लहान मुलांची, चित्रांची सापशिडी काढून ठेवली होती.

दुपारी तिचे मामा तिला सोडून गेले. दारात साडी नेसलेली, काकांपेक्षा बोटभर उंच, हातात फाइल घेतलेली अठरा वर्षांची मुलगी उभी होती. सोमवारी सकाळी भंडाऱ्याला मास्तरकीच्या कोर्सचा तिचा इंटरव्ह्यू होता. दिलीपने अडवलेल्या जागेकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि स्वतःच थोडा सरकला.

ती खाटेच्या कडेला बसली. काका तिच्यासमोर उभे. कॉलनीतल्या कुठल्याही पोराला एका नजरेत जोखणारा हा माणूस कपाट उघडत होता, एक खोका काढत होता, परत ठेवत होता. दुसरा काढत होता. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तुले काय वाटते, हिले काय आवडन?"

करुणाताईने ते ऐकलं असावं.

"मले खेळता नाही येत, बाबा," ती म्हणाली.

"काहीच नाही?"

"आपण कवा खेळलो?"

तिने तक्रार केली नव्हती. आज रविवार आहे म्हणावं, तसं ती म्हणाली. काका कपाटाकडे तोंड करून उभे राहिले.

"तू तीन वर्साची होती तवा लुडो घेऊन आल्तो मी गावाले," ते कपाटालाच सांगत होते. "तू मायच्या मांगं लपली. तिले म्हणे, हा माणूस कोण आहे. दुसऱ्या खेपेले आलो, तवा बी लपली. मले वाटलं, आपल्यालेच लेकराइसंग खेळता येत नाही. आधी शिकून घेऊ, मंग जाऊ. इथं कॉलनीत लेकरं होते." ते वळले आणि आमच्याकडे बघितलं. "शिकता शिकता पंधरा वर्सं झाले, बाई."

खोलीत वाळ्याचं पाणी टपटपत होतं. आम्हाला वाटायचं, काका आम्हाला खेळायला शिकवत होते.

करुणाताईने फाइल खाटेवर ठेवली. साडीचा घोळ सावरत ती खाली उतरली आणि दिलीपने सोडलेल्या जागेवर येऊन बसली.

"सांगा," ती म्हणाली. "फासा कसा धरतात?"

काका तिच्यासमोर बसले. त्यांनी तिला अगदी पहिल्यापासून सांगितलं. वाटी अशी धरायची, असं हलवायचं, गोटी अशी चालवायची. तीन वर्षांच्या मुलीला सांगावं तसं सांगितलं, आणि अठरा वर्षांच्या त्या मुलीने मान हलवत सगळं ऐकून घेतलं. पाचव्या की सहाव्या पाळीला तिला सहा पडला, तशी ती दचकून बापाकडे बघायला लागली, आता काय करायचं म्हणून. मी दिलीपचा हात धरला. इतरांना डोळ्यांनी खूण केली. आम्ही एकेक करून बाहेर आलो. आम्ही गेलो हे त्या दोघांना कळलं असेल असं वाटत नाही.

तिला प्रवेश मिळाला. पुढची दोन वर्षं ती भंडाऱ्याला वसतिगृहात राहिली आणि दर रविवारी क्वार्टरवर यायची. पहिला डाव त्या दोघांचा असे. तोवर आम्ही बाहेर पायरीवर बसायचो. आतून वाटी खुळखुळल्याचा आवाज यायचा, मग कितीतरी वेळ काहीच नाही, मग दोघंही एकदम हसायची. "झालं का?" म्हणून दिलीप उठायचा.

मी त्याला खाली बसवायची.