पिकअपचा आवाज गेला त्याची गोष्ट

‘बिघाड दिसला की लगेच दुरुस्त करावा,’ हे ज्या कुणी पहिल्यांदा जगाला शिकवलं, त्याच्या घरात बिघडण्यासारखं काही नसणारच. असतं, तर काय काय बिघडलेलंच राहू द्यायचं, हेही त्यानं त्याच दमात सांगून ठेवलं असतं. पदवीधराचं पुढचं सगळं नुकसान त्याच माणसाच्या नावावर मांडायला हवं.

पदवीधर हे त्याचं घरातलं नाव. परीक्षा पास झाल्यापासून बाबा त्याला तशीच हाक मारत. कौतुकानं की टोमण्यानं, हे विचारायची सोय नव्हती. बाबांची एक जुनी पिकअप होती. लोकांची कपाटं, पलंग, फ्रीज या घरातून त्या घरात पोचवायचे, हा त्यांचा धंदा. (पदवीधराचा धंदा जग सुधारण्याचा, त्याला अजून भाडं मिळालं नव्हतं, इतकंच.) आता ते मिळालं होतं. दूरच्या एका गावी नदीचं पाणी तपासणाऱ्या संस्थेनं त्याला नोकरीवर बोलावलं होतं आणि त्यानं ‘येतो’ म्हणून कळवलंही होतं. बाबांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

‘तेवढं’ म्हणजे डोंगराएवढं. या धंद्यात आपल्यामागे मुलगाच येणार, हे बाबांनी तो शाळेत असतानाच ठरवून टाकलं होतं. म्हणून पदवीधरानं बेत केला: आधी बाबांची गाडी ठणठणीत करायची, आणि ते खूश झाले की त्या खुशीतच सांगून मोकळं व्हायचं. पिकअप बरेच महिने मिसिंग करत होती. चारांतला एक सिलिंडर कामचुकार निघाला होता. गाडी पेट्रोल प्यायची चौघांचं, ओढायची तिघांच्या जिवावर, आणि चढ आला की दमेकऱ्यासारखी धापा टाकायची.

“कशाला उगाच हात लावतोस? चालतेय ना?” आई म्हणाली.

“चालतेय आणि नीट चालतेय यात फरक आहे, आई! याच वृत्तीनं सगळं जग मागं पडलंय.”

“पडू दे. येताना ऐकू तरी येतं.”

आईचा मुद्दा बिनतोड होता. कोपऱ्यावर फट्-फट्-फट्-गप् ऐकू आलं की ती मावशीचा फोन ठेवायची (मावशीला अर्धवट वाक्यांची सवय झाली होती) आणि धाकटी बहीण टीव्ही बंद करून पुस्तक उघडायची, बहुतेक वेळा उलटं. कोपऱ्यापासून दारापर्यंत गाडी येईतो घर आदर्श होऊन जायचं. पदवीधराला या दांभिकपणाची चीड होती. (त्या वेळात तो स्वतः टेबलावरचे पाय खाली घ्यायचा, पण ते सवयीनं.)

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यानं बॉनेट उघडलं. धाकटी टॉर्च धरून उभी राहिली.

“इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका सिलिंडरला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलची वायर काढून बघायची,” तो म्हणाला. “काढल्यावर आवाज बिघडला, तर तो कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर तोच फुकट्या.”

“म्हणजे कुणाच्या जाण्यानं फरक पडत नाही, ते बघायचं?” धाकटी म्हणाली.

पदवीधरानं टॉर्च जरा डावीकडे धरायला सांगितलं.

फुकट्या तिसरा निघाला. त्याचा प्लग दुसऱ्याला लावून पाहिला, तरी तिसराच मुका. मग कॉइलची अदलाबदल केली, तर तिसरा बोलू लागला आणि दुसरा गप्प बसला. म्हणजे रोग कॉइलमध्येच. पदवीधरानं नवी कॉइल आणून बसवली. दोन बोटं सोलली, एक स्क्रू उरला (तो त्यानं गुपचूप खिशात टाकला), पण इंजिन असं शांत झालं, की गाडी चालूच झाली नाही समजून बाबांनी परत किल्ली फिरवली आणि स्टार्टर कर्रकन ओरडला.

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “पोराच्या हाताला गुण आहे!” हे त्यांनी आईला, शेजाऱ्यांना आणि फाटकाशी बसलेल्या कुत्र्यालाही ऐकवलं.

हीच ती वेळ. पदवीधरानं तोंड उघडलं. “बाबा, मला जरा...”

“आता काही बोलू नकोस. आलोच मी!” आणि पिकअप लोण्यातल्या सुरीसारखी निघून गेली.

संध्याकाळ झाली तरी बाबांचा पत्ता नव्हता. मग त्यानं आधी आईला सांगितलं. बाबांसाठी त्यानं सुरेख भाषण रचलं होतं. त्यात कष्ट होते, उपकार होते, शेवटी डोळ्यांत पाणीही होतं. पण आईसमोर एवढं कशाला सजवायचं? शिवाय तिनं “पण धंद्याचं काय?” असं विचारलं आणि त्याचा पारा चढला.

“बाबांचा जन्म गेला त्या खटाऱ्यात! मीही लोकांची कपाटं वाहत मरू का? मला लाज वाटते त्या धंद्याची!”

आईचा एक कान सवयीनं कोपऱ्याकडे होता. कोपरा गप्प होता. दारात मात्र कुणीतरी खाकरलं.

बाबा उभे होते. मागे हातात डबा-ब्रश घेतलेला पेंटर.

“गाडी मस्त झालीय रे,” बाबा म्हणाले. “आवाजच येत नाही.”

“अहो, त्याला तसं म्हणायचं नव्हतं...”

“तसंच म्हणाला. स्वच्छ ऐकू आलं.”

पदवीधरानं घाईघाईत भाषणाला हात घातला. “बाबा, हे सगळं तुमच्यामुळेच...” तोंडातून निघाल्यावर ते आरोपासारखं वाटलं. पुढचं वाक्य काही केल्या आठवेना. बाबा पायरीवर बसून बूट काढू लागले. नाडीची गाठ सुटली होती, तरी ते ती सोडवतच राहिले.

त्यांच्या शेजारी बसायचं सोडून पदवीधर बाहेर गेला. पिकअपच्या मागच्या फळीवर बाबांच्या नावापुढे ओल्या पिवळ्या रंगात एकच शब्द होता: ‘आणि’.

“पुढे ‘मुलगा’ लिहायचं का ‘चिरंजीव’, ते त्यालाच विचारू म्हणाले मालक. म्हणून आलो इथवर,” मागून पेंटर म्हणाला. त्यानं ब्रश डब्यात बुडवला, काठावर निथळू दिला आणि समजूत घातल्यासारखा बोलला, “जाऊ द्या. मी ‘आणि मंडळी’ लिहून टाकतो. त्यात कुणी नसलं तरी चालतं.”