बाईंना सगळं ठाऊक असतं

मुलीला शाळेत घालायचं नाही असं मी ठरवलं, तेव्हा पळसदरीत मला वेड्यात काढायला रांग लागली होती. (रांगेत सगळ्यात पुढे माझ्या सासूबाई.) पण मी ठाम होतो. मूल आपल्या कलानं शिकतं, हे मी खालापूरच्या आमच्या कचेरीत इतक्यांदा सांगितलं की साहेब मला पाहून वाट बदलू लागले. आणि जिजा शिकलीही. दुकानांच्या पाट्यांवर वाचायला, आईबरोबर भात मापताना हिशोब, बाकी सगळं धरणाच्या काठावर. मग दहाव्या वर्षी, आपल्या कलानंच, म्हणाली, "बाबा, मला शाळेत जायचंय. शेजारची ठकी जाते ना, तशी."

आता आली का पंचाईत! नाही म्हणावं तर तत्त्व मोडतं, हो म्हणावं तर पोरीची काळजी. सवय नसलेली पोर, चारचौघांत कुणी हसलं तर? म्हणून मी एक साधीशी गोष्ट केली. रविवारी घरातच शाळा भरवली.

देवघरातली घंटा वाजवून विचारलं, "जिजा, सात आठे किती?"

"तुला येत नाय?" तिनं मायेनं विचारलं.

"मला येतं गं!"

"मग इचारतोस कशाला?"

माझी बायको रोहिणी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. मी घाईघाईनं म्हणालो, "शाळेत असंच असतं. बाईंना सगळं आधीच ठाऊक असतं, तरी त्या विचारतात. कळलं?"

"कळलं." (तिला खरंच कळलं, हीच अडचण.)

सोमवारी दहिवलीच्या शाळेत मोठ्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, "कुठून आलीस, बाळा?"

"तुमाला ठाऊक हाय."

बाईंनी चष्मा सावरला. "घरी कोण कोण असतं?"

"ते पन ठाऊक हाय तुमाला."

"अगं, मला कसं ठाऊक असेल?"

"बाबा बोलला. बाईंना सगळं आदीच ठाऊक असतं, तरी इचारतात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या नकाशात कुठे लपता येईल ते शोधत होतो. प्रवेश तर गेलाच, वर पोरीचं हसं झालं, तेही माझ्यापायी.

बाई मात्र हळूच म्हणाल्या, "बरं, मग खरंच ठाऊक नाही असं काहीतरी विचारते. बाहेर कुंडीत जास्वंद आहे. रोज पाणी घालते, तरी कळ्या गळतात. का गं?"

"मला पन नाय ठाऊक," जिजा टुणकन उठली. "बगूया?"

किती सहज म्हणाली! मला तिचा फार अभिमान वाटला. ('मला ठाऊक नाही' हे वाक्य मी कचेरीत आजवर एकदाही उच्चारलेलं नाही.)

दोघींनी माती उकरली, पानं उलटून पाहिली. मधल्या सुट्टीतली पोरं जमली, त्यात ठकीही होती. कुणी म्हणे मुंग्या, कुणी म्हणे पाणीच जास्त होतंय. वाद रंगात असतानाच घंटा झाली आणि बाई म्हणाल्या, "जा, आजच बस वर्गात." जिजा ठकीचा हात धरून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी व्हरांड्यातल्या बाकावर टेकलो. निघायचं होतं, पण पाय निघेना आणि डोळे थांबेनात. बऱ्याच वेळानं बाई आल्या, शेजारी बसल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नका हो, पहिल्या दिवशी असं होतंच. तुम्हाला न्यायला कोण येणार आहे?"