सगळा विदर्भ जरीपटक्यात

मंगळवारी सकाळी मी आमच्या कंपनीचे सगळे ग्राहक जरीपटक्यात राहायला नेले.

न्यायचं एकालाच होतं. मिहानमधल्या आमच्या कंपनीच्या गाड्या विदर्भभर पार्सलं पोचवतात, आणि कुणाचा पत्ता बदलला की तो डेटाबेसमध्ये बदलायचं काम माझं. जरीपटक्यात नवं घर घेतलेल्या एका गृहस्थांचा पत्ता मी टाकला. फक्त 'कुणाचा' ही अट लिहायची राहिली. संगणक आज्ञाधारक. त्यानं सगळ्यांचाच बदलला. थोड्याच वेळात ड्रायव्हरचा फोन. "साहेब, सावनेरचा माल बी इथंच, काटोलचा बी इथंच. हे घर हाये का गोदाम? बाई झाडू घेऊन उभी हाये!"

अशा वेळी आमच्या ऑफिसात प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं, "बोंडेभाऊले सांगा." आणि नेमकं तेच मला करायचं नव्हतं.

मधुकर बोंडे आणि मी एकाच दिवशी रुजू झालो. पद तेच, खुर्चीची मोडकी चाकंही तीच. तरी सर्व्हर जरा कण्हला की आमच्या मॅनेजर मॅडम त्यांच्या टेबलाशी जातात. माझ्या टेबलाशी त्या स्टेपलर न्यायला येतात. कॅन्टीनवाला त्यांच्या पोह्यांवर तर्री ओततो, माझ्या पोह्यांवर शिंपडतो. घरी फ्रिज बिघडला तर बायकोसुद्धा म्हणते, "बोंडेभाऊले विचारून पाहा ना!"

बरं, माणूस विक्षिप्त. शुक्रवारी सर्व्हरला हात लावू देणार नाहीत. "बिघडवशीन आज, आन शनिवारी निस्तराले कोन येईन, तुहा सासरा?" सर्व्हरच्या खोलीत संत्रा बर्फीला बंदी, मुंग्या येतात म्हणे. आणि बॅकअप झाला असं कुणी आनंदानं सांगितलं, की चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "उतरवून पाह्यला का?" म्हणजे ती प्रत दुसऱ्या मशीनवर टाकल्यावर खरंच चालते का, हे तपासलं का. स्वतः ते रोज दुपारी आदल्या दिवशीची प्रत कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर उतरवतात. आणि त्याला साक्षीदार लागतो! डबा उचलला की कुणाकडे तरी बोट करणार, "चाल गा, साक्षीले."

का, तर म्हणे, "एकट्यानं पाह्यलेलं पाह्यलेलं नसते."

साक्षीदाराला भरीत-भाकर मिळते. शिपाई जेवून आला, सुरक्षा रक्षक जेवून आला, एकदा तर एसी दुरुस्तीला आलेला माणूसही जेवून गेला. माझ्याकडे बोट कधी आलं नाही. मी आपला सर्व्हरच्या खोलीच्या काचेच्या दारातून स्टुलावरची ती दुसरी पाठ बघत माझी गार पोळी चावायचो.

तर, शेवटी बोंडेभाऊंकडे गेलोच.

"हुकूम सोडायच्या पयले पाह्यलं होतं का, किती जनायचा पत्ता बदलन ते?"

"नाही, भाऊ."

"मंग पाह्यलं काय?"

"घड्याळ. नाश्त्याची वेळ झाली होती."

ते कालची प्रत उतरवायला त्या जुन्या मशीनकडे वळले, आणि खरं सांगतो, मी मनात देवाला विनवलं की आज ही प्रत खराब निघू दे. नोकरी गेली तर जाऊ दे, पण या माणसाची मान खाली गेलेली एकदा बघू दे.

प्रत ठणठणीत निघाली. कालचे पत्ते तिथून उचलून त्यांनी ते माझ्याच हातानं परत टाकून घेतले. आधी मोजायला लावलं, मगच हात लावू दिला. दुपारपर्यंत सावनेर सावनेरला पोचलं. ऑफिसनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जरा उशिरा.

"उद्या साक्षीले तू," जाता जाता बोंडेभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी त्या स्टुलावर ताठ बसलो. त्यांनी डबा उघडायच्या आतच स्क्रीनवर ओळ झळकली: 'तपासणी पूर्ण, सर्व ठीक.' म्हणजे मशीन स्वतःच प्रत उतरवत होतं, स्वतःच ताडून बघत होतं आणि स्वतःच सांगतही होतं. साक्षीदाराचं तिथं काही कामच नव्हतं.

बोंडेभाऊंनी डब्याचं झाकण हळूच त्या ओळीपुढे उभं केलं.

"चालू हाये आजून. जेव."

भरीत असं होतं की माझा मत्सरही दोन घास शांत बसला. मी विचारलं, "कोन बनवते, भाऊ?"

"मीच. तुही वहिनी गेली तवापासून." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तो हातातच राहिला. "एकच वांगं भाजलं तरी दोघायचं होते गा. एकट्यापुरतं वांगं भेटतच नाही बाजारात."

झाकण घसरलं. ओळ पुन्हा दिसली. मी झाकण उचलून होतं तिथं नीट उभं केलं.

"हो," मी म्हणालो, "चालूच हाये."

त्यांनी माझ्या ताटलीत आणखी भरीत वाढलं. पण मनातलं मी तरी किती वेळ दाबणार?

"भाऊ, सगळ्यायले बोलावलं, एसीवाल्याले बी. मंग मलेच काहून नाही?"

"तोंडात घास असताना बोलत राह्यते गा तू," ते कीबोर्ड पुसत म्हणाले. "हे पाह्य, भरीत उडवलं."