तिसरी फीत

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवतो. पण आमच्या गल्लीत मला लान्स नायक म्हणून ओळखतात. उजव्या बाहीवर एक पांढरी फीत, सेफ्टी पिनने लावलेली. ही फीत मला एकदा मिळाली, एकदा गेली आणि पुन्हा मिळाली. गेली ती नळावर शेजाऱ्याच्या घागरीपुढे आमची कळशी सरकली म्हणून. सरकवली बायकोने, फीत उतरली माझी. पुन्हा मिळाली तेव्हा तिनेच घरोघर साखर वाटली. मला तालुक्याला आदर्श शिक्षकाची शाल मिळाली होती, तेव्हा हिने चिमूटभर साखर कुणाला दिली नव्हती!

या सगळ्याच्या मुळाशी आहेत आमचे शेजारी शिवलिंगआप्पा, फौजेतून पेन्शनीवर आलेले. जिंतूरहून येलदरीकडे जाताना आमचं गाव लागतं. आमच्या गल्लीला मिळून एकच नळ, आणि तो मनात येईल तेव्हा सुटणार. आप्पा येण्याआधी त्या नळावर रोज भांडणं व्हायची. घागरी फुटायच्या, क्वचित डोकीही. आप्पांनी आठवडाभर ओसरीवर बसून हा तमाशा पाहिला आणि आठव्या दिवशी नळापाशी उभं राहून आवाज दिला, "लाईन, थम!" त्या आवाजाने नळाचं पाणीसुद्धा थांबलं असं आमची बायको सांगते. लाइन मात्र लागली ती आजतागायत.

मग त्यांनी हुद्दे सुरू केले. जो लाइन मोडत नाही, म्हातारीकोतारीची घागर उचलून देतो, भांडत नाही, त्याला बढती. बढती म्हणजे बाजेच्या नवारीची पट्टी कापून केलेली फीत. ती लावण्याचा सोहळा आप्पांच्या ओसरीवर सगळ्यांसमोर व्हायचा. चूक केली की पेशी. पेशीला जाताना फौजेत टोपी आणि पट्टा काढून ठेवावा लागतो, म्हणून इथेही तोच नियम. किराणा दुकानदार बालाजीशेठने एकदा भल्या सकाळी नळाला पाइप लावून मोटारसायकल धुतली. त्याची पेशी झाली. शेठ आधीच पोटाने मोठे, त्यात पट्टा काढलेला. एका हाताने पॅन्ट धरून बिचारे सावधान उभे राहिले.

"कसूर कबूल?" आप्पांनी विचारलं.

"कबूल हाय आप्पा, पन लवकर उरका."

फीत उतरली. तेव्हापासून शेठ लाइनीत शेवटी उभे राहत. दुकानात त्यांनी गिऱ्हाइकांशी गोड बोलायला सुरुवात केली, पण आप्पा बधले नाहीत. "बढती मागून मिळत न्हाई शेठ," ते म्हणत. "कमवावी लागती."

गल्लीची एकच तक्रार होती. कितीही चांगलं वागा, एका फितीच्या पुढे कुणी जाईना. लान्स नायकाच्या वर नायक असतो, दोन फितींचा. त्याच्यावर हवालदार, तीन फितींचा. आम्ही सगळे पहिल्याच पायरीवर अडकलेलो. सरपंचांनी तर थेट सुभेदार करा म्हणून गळ घातली होती. आप्पा म्हणाले, "मी सोता नायक. माझ्या बरोबरीचा हुद्दा मी कुठून देऊ? बढती देनारा वरचा लागतो."

आणि इथेच खरी मेख होती. आप्पा पूर्वी हवालदार होते. तिसरी फीत त्यांची उतरवली गेली, आणि ते नायक म्हणूनच घरी आले. हे त्यांनी कधी लपवलं नाही. कुणी नवखा आदराने "हवालदार साहेब" म्हणाला की ते लगेच त्याला थांबवत. "नायक. तिसरी गेली."

"का गेली?"

"कसूर झाला, सजा झाली. बस."

यापुढे एक अक्षर नाही. मग लोक आपापल्या परीने गोष्टी रचायचे. कुणी म्हणे पहाऱ्यावर झोपले, कुणी म्हणे अफसराच्या कानाखाली वाजवली. पारावर तर रमच्या अख्ख्या पेटीची कथा रंगवून सांगत. आप्पांच्या कानावर हे सगळं जायचं. ते नुसता मिशीला पीळ द्यायचे. पण दुसऱ्या कुणाला फीत लावताना त्यांचा हात क्षणभर त्याच्या बाहीवर रेंगाळायचा. मी शेजारी उभा असायचो, मला ते दिसायचं आणि वाईट वाटायचं.

घरात मात्र त्यांच्यावरचा हुद्दा होता. गिरजाकाकू, त्यांची बायको. आप्पा त्यांना चारचौघांत "कमांडिंग हापीसर" म्हणत, आणि ती नुसती थट्टा नव्हती. चहाला बोलावलं तर म्हणायचे, "थांबा, सायबाची परवानगी घेतो." खरंच आत जाऊन विचारून यायचे. काकू पाच फुटांच्याही नसतील. बोलणं कमी, पण एकदा नाही म्हटलं की नाही.

यंदा दसऱ्याच्या आधीची गोष्ट. गल्लीमागच्या रानात कौसाबाईची सोयाबीनची गंजी लागली होती. कौसाबाई एकटी बाई, वर्षभराची सगळी कमाई त्या गंजीत. दुसऱ्या दिवशी मळणीयंत्र येणार होतं. भर दुपारी वरच्या तारांची ठिणगी पडली आणि गंजीच्या कडेने धूर निघाला. शेजारी लागूनच तिच्या बैलांचा गोठा.

आम्ही सगळे धावलो आणि एकमेकांना धडकलो. कुणी घागर आणली तर त्यात पाणी नाही, कुणी पाणी आणलं ते वाटेतच सांडलं. कौसाबाई ऊर बडवत होती. तेवढ्यात मागून तो आवाज आला.

"लाईन, थम!"

आप्पा बनियनवर आले होते. "काय बघायलाव? नळावर कसं उभं ऱ्हाता? तसंच! हिरीपासून गंजीपर्यंत! लान्स नायक मास्तर, हिरीवर!"

इतक्या दिवसांची सवय हो! पाय आपोआप जागेवर गेले. ज्याच्या पुढे जो रोज उभा राहतो त्याच्याच पुढे तो उभा राहिला. घागरी हातोहात सरकू लागल्या, भरलेल्या एका अंगाने, रिकाम्या दुसऱ्या अंगाने. कुणी पुढे घुसलं नाही, कुणी भांडलं नाही. लाइनीच्या शेवटी उभे असलेले बालाजीशेठ मात्र एकाएकी दुकानाकडे पळाले. मला वाटलं, गेला हा गल्ला सांभाळायला. पण ते विक्रीच्या कोऱ्या ताडपत्र्या खांद्यावर टाकून धापा टाकत परत आले. त्या भिजवून गोठ्यावर पसरल्या आणि स्वतः बैल सोडले.

आप्पा तिथूनच ओरडले, "शाबाश! बालाजी, लान्स नायक!"

गंजीचा एक कोपरा जळाला. बाकीची वाचली, गोठा वाचला, बैल वाचले. जिंतूरहून बंब आला तेव्हा आम्ही चिखलात बसून हसत होतो. बंबवाल्यांनी चहा घेतला आणि कौसाबाईने सगळ्यांच्या कपाळाला बुक्का लावला.

संध्याकाळी अख्खी गल्ली आप्पांच्या ओसरीवर जमली. शेठ नव्या फितीनिशी पुढे झाले. "आप्पा, ठरलं. आजपासून तुमी हवालदार."

"न्हाई," आप्पा म्हणाले. "लान्स नायकांनी नायकाला बढती द्यायची रीत न्हाई. वरून हुकूम लागतो. आन् माझ्या वर हितं हाय कोन?"

"मी हाय की!"

दारात काकू उभ्या होत्या. हातात आप्पांची जुनी वर्दी, सुई-दोरा आणि नवारीची एक पट्टी.

काकू आम्हाला म्हणाल्या, "तुमी लोक काय काय बोलता, समदं ऐकायलेय मी. मला इषमज्वर झाला व्हता. शुद्धच नव्हती. हे रजेवर आले व्हते, माझ्या उशाला बसून ऱ्हायले. रजा संपली तरी गेले न्हाईत. मला म्हन्ले, सायबानं रजा वाढवून दिली. पुढच्या सुट्टीला आले तवा वर्दी मी धुतली. बाहीवर फिती दोनच. आन् तिसरीच्या जागचा कपडा हिरवागार, बाकीचा उन्हानं इटलेला. तिसरी का गेली, ते तवाच समजलं मला."

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तुला ठावं व्हतं?"

"कमांडिंग हापीसरला समदं ठावं असतंय. तुमी सांगत नव्हता, म्हनून मीबी इचारलं न्हाई." मग त्यांनी पदर खोचला. "नायक शिवलिंग! सावधान!"

टाचा जुळल्या. वर्दी अंगात चढली, बटणं काही लागली नाहीत. काकूंचा हात पुरेना म्हणून शेठनी पाट आणून दिला. त्यावर उभं राहून काकूंनी तिसरी फीत तिच्या जुन्या जागी शिवली. जराशी वाकडी बसली. आप्पा समोर बघत ताठ उभे होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. दोरा दाताने तोडून काकू पाटावरून उतरल्या, तेव्हा आप्पांनी त्यांना असा कडक सलाम ठोकला की सगळ्या गल्लीने आरोळी दिली. शेठनी दुकानातली सगळी गोडीशेव वाटून टाकली. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती, आणि सांगायला लाज वाटत नाही.

सगळे पांगल्यावर मी मागे रेंगाळलो. "आप्पा, खरं सांगा. तुमच्यावर अन्याय झाला ना?"

"अजाबात न्हाई, मास्तर. रजा संपली आन् गडी हजर न्हाई. फौज अशी चालती व्हय? सजा बरोबर व्हती."

नव्या फितीवरून त्यांनी अंगठा फिरवला. आत काकू चूल पेटवत होत्या. तिकडे बघत ते हळूच म्हणाले, "पन तसीच येळ पुन्हा आली, तर ह्या तिन्ही उतरवून देतो."

तेवढ्यात आतून हाक आली, "हवालदार, जेवायला!" आणि हवालदार साहेब टाचा जुळवून उठले.