लोकरीच्या चांदणीचं सुतक

मसाजीने श्रावणात मेंढरं विकली आणि तेव्हापासून तो घरात असून नसल्यासारखा झाला. गुडघे गेले होते, रानात फिरणं होत नव्हतं, आणि मुलगा शिवहार सायकलच्या दुकानात रमला होता. कळप टेम्पोत चढला त्या दिवशी मसाजी काही बोलला नाही. पुढेही फारसा बोललाच नाही. सकाळी ओट्यावर बसायचा, उन्हं आली की आत सरकायचा. पारावर जाणंही त्याने सोडलं. शेवटच्या कातरणीचं सूत स्वतःच्या घोंगडीसाठी त्याने कातून ठेवलं होतं. त्याचे दोन गुंडे, एक काळा आणि एक पांढरा, खुंटीला तसेच लटकत होते. विणकराकडे न्या म्हटलं की म्हणायचा, "आता घोंगडी पांघरून कुठं जायाचं हाय?"

हिंगोली जिल्हा झाला त्या सालची ही दिवाळी. घरात सण आहे असं वाटतच नव्हतं. सून अंजलीला ते सोसवेना. शाळेत असताना कार्यानुभवाच्या तासाला ती लोकरीचे गोंडे करायला शिकली होती. तिने खुंटीकडे बोट दाखवलं.

"मामा, हे सूत घेऊ का? दाराला तोरण करते."

"घे," मसाजी तिच्याकडे न बघता म्हणाला. "कोनाच्या कामाला येऊन राहिलंय ते."

अंजलीने पांढऱ्या सुताचा अर्धा भाग हळदीच्या पाण्यात बुडवला, अर्धा कुंकवाच्या. मग चार बोटांना सुताचे वेढे द्यायचे, अलगद काढून मधोमध करकचून बांधायचे, दोन्हीकडून कात्री चालवायची आणि तळहातावर घोळायचं, की झाला गोंडा. सासू सिंधूबाई आधी कुरकुरली. "सणासुदीला मेंढराचे केस दाराला बांधता व्हय?" संध्याकाळपर्यंत तिचेच अकरा गोंडे झाले होते. तोरण झालं, तरी सूत उरलं. अंजलीने बांबूच्या कामट्या आडव्या-उभ्या बांधल्या, त्यांना सूत गुंडाळलं आणि परातीएवढी चांदणी केली. आता तिच्या टोकांना गोंडे तेवढे लावायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवहारने त्यात लक्ष घातलं.

"सुईनं काय शिवत बसल्या? पंक्चरचं सोलुशन लावू. ते टायर धरतं, गोंडा काय धरनार न्हाई का?"

त्याने चांदणी तुळईला टांगली, सोलुशनचा मोठा डबा उघडून तुळईवर ठेवला आणि स्टुलावर चढला. चार गोंडे झकास बसले. पाचवा वाकडा बसला म्हणून त्याने तो ओढला. गोंड्यामागून दोरा आला, दोऱ्यामागून चांदणी आली आणि चांदणीच्या धक्क्याने डबा आला. डबा डोक्यावर उपडा झाला, सोलुशन कपाळावरून मिशीत उतरलं, आणि सगळ्यात शेवटी चांदणी वरून टोपीसारखी बसली ती बसलीच.

"हलू नका," अंजली म्हणाली.

"हलतो कशाला? डोक्यात आग होऊन राहिली!"

रॉकेल लावलं, खोबरेल चोळलं. कामट्या निघाल्या, पण केस आणि लोकर यांचा असा काही गोळा झाला की कुठलं काय ते कळेना. शेवटी सिंधूबाईने मेंढरं कातरायची कातर आणली. दोन ठिकाणी चालवली, तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला.

"अशी न्हाई कातरत. मेंढी बिचकती."

तीन महिन्यांत मसाजीने आपणहून काढलेलं हे पहिलं वाक्य. सिंधूबाईला हसावं की रडावं ते समजेना. पुढचं काम गावच्या न्हाव्याने केलं. त्याने डोकं आणि मिशी दोन्ही साफ केली आणि लेकाचा तुळतुळीत गोटा बघून सिंधूबाई खालीच बसली.

"बाप जित्ता असताना असं तोंड घेऊन फिरनार का तू? चार दिस घराबाहेर पडू नको."

पण तेल संपलं होतं, पोहे आणायचे होते आणि जवळा बाजारचा आठवडी बाजार त्याच दिवशी होता. शिवहार डोक्याला गमछा गुंडाळून निघाला. बाजारात दिवाळीची ही गर्दी. एका पोत्याला अडकून गमछा निघाला, आणि तो उचलायला वाकला तर समोर कमलबाई. ही बांगड्या विकणारी बाई शिवहारच्या चुलत्याच्या, ग्यानबाच्या गावची. तिने गोटा बघितला, मिशी नसलेला ओठ बघितला आणि हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या.

"अरे लेकरा! कधी झालं रे हे?"

लोकरीची चांदणी डोक्यावर पडली हे भर बाजारात सांगायचं कसं? शिवहारने मान खाली घातली. "सकाळीच, मावशी."

"लई तकलीफ झाली का?"

"तकलीफ म्हंजे? आग आग झाली नुसती. पन लगेच आटपलं सगळं."

"मेंढरं इकली तवाच मला भेव वाटलं होतं," कमलबाईने पदर डोळ्यांना लावला.

तिला मेंढरांचं कसं कळलं, याचं शिवहारला नवल वाटलं. "त्या मेंढराच्या लोकरीनंच घात केला, मावशी," तो म्हणाला.

"ग्यानबाला सांगावा धाडला का?"

"काकाला? त्याला काहून सांगायचं?"

कमलबाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने बांगड्या गोळा केल्या आणि भर बाजारातून उठून एसटी गाठली.

तिला राग येण्यासारखंच होतं. अकरा वर्षांपूर्वी मसाजीची आई गेली, तेव्हा धाकटा ग्यानबा कळप घेऊन पार जिंतूरकडे गेला होता. निरोप पोचायला तीन दिवस लागले. मसाजीने त्याच्यासाठी न थांबता त्याच संध्याकाळी माती उरकली. ग्यानबा आला, दहावं होईपर्यंत मुकाट बसला आणि जाताना म्हणाला, "आता तुझ्या दारात तुझ्या मातीलाच येईन." मसाजीही म्हणाला, "तवाच ये." मग ग्यानबाने बिऱ्हाड उचललं आणि औंढ्याच्या पलीकडे सासुरवाडीला जाऊन राहिला. दोघांनीही शब्द पाळला होता. अकरा वर्षांत ना लग्नाला, ना बारशाला.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. सकाळी अंजली दारात रांगोळी काढत होती. वर तोरण छान दिसत होतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोठा हंबरडा ऐकू आला. ग्यानबा आला होता. औंढ्याच्या स्टँडवर उतरून त्याने आधी न्हावी गाठला होता. घाईत केलेला गोटा, कानामागे वस्तऱ्याची जखम, तिच्यावर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवलेला. दारातला शिवहार दिसताच त्याचं रडणं थांबलं आणि आवाज चढला.

"उरकली का मातीबी? ह्याबी खेपेला उरकली? माझ्यासाठी एक दिस थांबता आलं न्हाई तुमाला?"

"काका, अगुदर माझं ऐका..."

"काय ऐकू? काकाला काहून सांगायचं, असं म्हनलास ना तू? भर बाजारात! अन् बाप जाऊन एक दिस न्हाई झाला, तर दाराला तोरन? रांगोळी?"

"भावजी, ते केस लोकरीमुळं गेले," सिंधूबाई आतून धावत आली.

तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. ते बघून ग्यानबाचा गोंधळ उडाला, पण राग इतका लांबून आणलेला होता की तो एकदम खाली ठेवता येईना. "मला त्याचं तोंडबी बघू दिलं न्हाई," तो म्हणाला. "आईचंबी न्हाई, अन् आता त्याचंबी न्हाई." आणि रांगोळीवरच मटकन बसला.

याच वेळी मसाजी हातात टमरेल घेऊन, लंगडत, रानाकडून परत आला. दारातली गर्दी बघून थबकला. भावाकडे त्याने बराच वेळ बघितलं. अकरा वर्षांत ग्यानबा म्हातारा झाला होता.

"कोन गेलं रे?" मसाजीने विचारलं.

ग्यानबाने स्वतःच्या गोट्यावरून हात फिरवला. शेवटी म्हणाला, "तू."

मसाजीने टमरेल कडेला ठेवलं. शिवहारचा गोटा पाहिला, ग्यानबाचा पाहिला. काय झालं असेल ते हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. गुडघ्यावर हात टेकत तो भावाशेजारी रांगोळीत बसला.

"मंग," तो म्हणाला, "ह्या खेपेला थांबलो ना मी तुझ्यासाठी."

ग्यानबा पुन्हा रडायला लागला, पण आता आवाज न करता. कानामागचा कपटा सुटून खाली पडला.

चहा झाला तेव्हा कुठे ग्यानबाला घराची, बायकोची आठवण झाली. त्याने कपाळावर हात मारला. "भिकाबाईनं चूल इझवली असंल. लाडू, करंज्या सगळं शेजाऱ्यायला वाटून टाक म्हनलो मी. लेकरं नवे कपडे मागून राहिले होते, त्यायला मारलं मी. साऱ्या गावानं रडून वाटं लावलं मला."

"मंग माघारी जाऊन सांग, भाऊ जित्ता हाय म्हनून," सिंधूबाई म्हणाली.

"हे डोकं घेऊन? कोन पटवून घेईल? म्हनतील, दुःखानं याड लागलं."

ते खरंच होतं. मसाजी उठला, आत गेला आणि पटका बांधून बाहेर आला. श्रावणानंतर पटका डोक्याला लागला नव्हता.

"चल. मी सोता जाऊन उभा राहतो. मंग बराबर पटंल."

"तुमचे गुडघे!" सिंधूबाई ओरडली.

"मेल्याला काय गुडघे दुखून राहिले?"

अंजलीने लाडवांचा डबा दिला आणि उरलेले गोंडे दोऱ्यात ओवून पिशवीत घातले. "काकूला दाराला बांधायला द्या," ती म्हणाली.

दुपारच्या एसटीत दोघा भावांना शेजारी शेजारी जागा मिळाली. अकरा वर्षांचं बोलायचं साचलं होतं, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं. दोघेही खिडकीबाहेर सोयाबीन काढलेली रानं बघत राहिले. समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने वळून ग्यानबाच्या डोक्याकडे बघितलं आणि हळहळून विचारलं,

"ऐन सनात दुःख आलं, बाबा. कोन गेलं?"

ग्यानबा गडबडला. त्याने मसाजीकडे बघितलं. मसाजीच म्हणाला, "थोरला भाऊ गेला त्याचा."

"अरारा! कसा होता मानूस?"

"हेकट," मसाजी म्हणाला. "लई हेकट होता."

म्हाताऱ्याने ग्यानबाकडे बघितलं. "व्हय का?"

"होता," ग्यानबा डोळे पुसत म्हणाला. "पन तुमी काहून नावं ठेवून राहिले त्याला? मेलेल्या मानसाला असं बोलू न्हाई."

मसाजीला ते पटलं असावं. तो औंढा येईपर्यंत गप्प बसला.